टाच टेकेपर्यंत

“आजी, तिचा हात सोडा. एकटीला येऊ दे माझ्याकडे.”

राजाबाईनं हात सोडला नाही. दवाखान्यातल्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत निळी रबरी पट्टी अंथरलेली होती. पट्टीच्या त्या टोकाला पोरांची चाल तपासणाऱ्या आरोही मॅडम उकिडव्या बसून खुळखुळा हलवत होत्या. या टोकाला दीड वर्षांची करिष्मा आजीच्या बोटाला लोंबकळून उभी होती.

“पडंल की ती.”

“पडू दे, खाली मऊ आहे. ती कशी चालते ते मला बघायचंय, आजी. तुम्ही कशी चालवता ते नाही.”

राजाबाईनं बोट सोडवून घेतलं. करिष्मा जरा डुलली आणि निघाली. तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती, इतकी की तळवे एकमेकांकडे बघत होते. पावलांच्या बाहेरच्या कडेवर, जवळजवळ पावलाच्या पाठीवर, हात पसरून ती या अंगावरून त्या अंगावर कलत चालली होती. या वयाच्या पोरांची पावलं लोण्यासारखी असतात. तिच्या पावलांना कडेला घट्टे पडले होते. पण पोर हसत होती. खुळखुळ्यापाशी पोचली आणि धपकन बसली.

मॅडमनी तिला पुन्हा चालवलं. एकदा समोरून बघितलं, एकदा मागून, एकदा जमिनीला जवळजवळ गाल टेकवून बाजूनं. मग तिला मांडीवर घेऊन एकेक पाऊल हातात धरलं, टाच चाचपली, घोटा वर दुमडून बघितला. तो दुमडेना.

“जन्मल्यावर कुणाला दाखवलं नव्हतं?”

“दावलं की. येका बाईनं सांगितलं, त्याल लावून वढत जा. वढलं. रडायची लई, मंग सोडलं.”

“आणि आई कुठंय हिची?”

“न्हाई ऱ्हायली. कोकनातच, म्हयनाभरात काविळीनं गेली. तवाधरनं माज्याच कडंवर हाय.”

मॅडमनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढून घेऊन कामाचं बोलायला लागल्या. हे पाय सरळ होतात, त्या म्हणाल्या. दर आठवड्याला थोडं थोडं वळवून डॉक्टर प्लॅस्टर घालतील. टाचेमागची शीर आखडली आहे, ती शेवटी जराशी सोडवायची. आणि मग दांडीचे बूट. दोन बूट एका दांडीला जोडलेले. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर फक्त झोपताना. “पण ते चार वर्षांची होईपर्यंत. तिथं कंटाळा केला तर पाय परत फिरतात. आणि तोवर आम्हाला बघायला मिळाली पाहिजे, वरचेवर.”

“आमी धनगर हाय, बाई,” राजाबाई म्हणाली. यापुढं काही सांगावं लागेल असं तिला वाटलं नाही. मॅडम वाट बघत राहिल्या, तेव्हा तिनं सांगितलं, “परवा आमी मेंढरं घिऊन ताम्हिनी उतरनार.”

“मग तुम्हाला चाल कळत असेल. एखादी मेंढी लंगडायला लागली की काय करता तुम्ही?”

“लंगडं मेंढरू वाटंला ऱ्हात न्हाई,” राजाबाई म्हणाली. “पयल्या बाजारात जातं.”

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. तिनं वाकून करिष्माला उचललं आणि तिची वाकडी पावलं पदराखाली घेतली.

*

भूगावात गेणबाच्या शेतात मेंढ्या बसवायचा रिवाज राजाबाईच्या सासऱ्यापासूनचा होता. भात काढून झालं की जाता जाता कळप दोन मुक्काम तिथं बसायचा; लेंड्यांचं खत शेताला आणि दाणागोटा धनगराला. आता शेताच्या तिन्ही बाजूंनी इमारती आल्या होत्या. गेणबानं रस्त्याकडचं रान विकलं होतं, उरलेल्यात भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, आणि मागं राहिलेल्या तुकड्यात एक म्हैस बांधली होती. त्या तुकड्यात मेंढ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. वरच्या बाल्कन्यांतून लोक मोबाईलवर त्यांचे फोटो काढत होते.

राजाबाईचा नवरा धुळाजी आणि मुलगा सिद्धनाथ, करिष्माचा बाप, चुलीपाशी बसले होते. तिनं दवाखान्यातलं सगळं सांगितलं. सिद्धनाथ चुलीत बघत राहिला. बायको गेल्यापासून तो असाच कशात तरी बघत राहायचा.

“पाय हायेत न्हवं?” धुळाजी म्हणाला. “चालतीया न्हवं? मंग?”

“कडंवर चालतीया. आज दीड वर्साची हाय म्हनून. मोटी झाल्यावं खडकाळीतनं कशी चालंल? ताम्हिनी कशी उतरंल? घोड्यावं बसवून न्यायची का जलमभर?”

“मंग काय म्हनतीस?”

“मी ऱ्हाते हितं.”

धुळाजीनं तिच्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून एक साल असं गेलं नव्हतं की राजाबाई ताम्हिणी उतरली नाही. सिद्धनाथ पोटात असतानाही ती घोड्याचा दोर धरून घाट उतरली होती. मुळशीच्या माळावर त्यांचं पत्र्याचं एक घर होतं, पण ते कुलूप लावण्यापुरतं. पावसाळ्यात पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात आणि दिवाळीनंतर कोकणात, मधल्या वाटेवर संसार; मेंढ्या, घोडी, माणसं मिळून सगळा वाडा. मुक्काम कुठं करायचा हे धुळाजी ठरवायचा. पण चूल कुठं, कोकरांची जाळी कुठं, वारा कुठल्या अंगानं येणार, हे राजाबाईचं काम.

“तुज्याबिगर वाडा हलला न्हाई कंदी,” तो म्हणाला.

“येक साल हलंल. कोकनातनं माघारी याल तवा पोर तुमाला पळून दावंल.”

गेणबा म्हशीला वैरण टाकता टाकता ऐकत होता. “कडंची खोली रिकामीच हाय, राजाबाई,” तो म्हणाला. “म्हशीचं शेणघान कराय मला वाकवत न्हाई आता. तेवडं बग, आन ऱ्हा.”

निघायच्या सकाळी तिनं स्वतःच्या हातानं घोड्यावर ओझं लादलं, दोर आवळले, कोंबड्यांची पाटी वर बांधली. मेंढ्या उठल्या. कळप रस्त्याला लागला, तेव्हा सवयीनं तीही चार पावलं चालली. मग थांबली. पोर कडेवरून हात हलवत होती. कळपाच्या गळ्यांतल्या घंटांचा आवाज गाड्यांच्या आवाजात मिसळला आणि नाहीसा झाला. तरी ती ऐकत उभी राहिली.

*

प्लॅस्टर पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत असायचं. दोन्ही पायांना. करिष्मा एकदम जड झाली, रागीट झाली. रांगता येईना, उभं राहता येईना. भिंतीशी टेकवून ठेवलेल्या मुसळासारखी बसायची आणि हाताला येईल ते फेकायची. राजाबाई तिला कडेवर घेऊन म्हशीचं शेण काढायची, कडेवर घेऊन भाकरी करायची. जन्मभर चाललेल्या बाईला पहिल्यांदाच चालायला जागा राहिली नव्हती. खोली, गोठा, नळ. खोली, गोठा, नळ. तिचे पाय दुखायला लागले. चालून ते कधी दुखले नव्हते.

दवाखान्याचा दिवस मात्र तिला आवडायला लागला. नंबर येईपर्यंत ती बाकावर बसून निळ्या पट्टीकडे बघायची. पोरं येत, पट्टीवरून चालत. एक सोसायटीतली आई रडकुंडीला येऊन पोराचे धनुष्यासारखे बाकलेले पाय दाखवत होती. मॅडम म्हणाल्या, “अहो, दोन वर्षांपर्यंत बरीच पोरं अशीच असतात. मग गुडघे उलटे आत येतील, तेव्हा परत घाबरून याल. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत सरळ होतो. मापं घेऊन ठेवते, पण घरी जा आणि त्याला खेळू द्या.” ती आई हसली तेव्हा बाकावरची राजाबाईही हसली. एक मुलगा चवड्यांवर चालायचा, टाच टेकवायचाच नाही. त्याला मॅडमनी बसवलं, उठवलं, पाय दुमडून बघितले आणि मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. हसून घरी पाठवायचं कुणाला आणि पुढं पाठवायचं कुणाला, हे मॅडमना चार फेऱ्यांत कसं कळतं याचं राजाबाईला नवल वाटायचं.

“तुमी काय बगता म्हनायचं?” तिनं एकदा विचारलं.

“आधी टाच बघते,” मॅडम म्हणाल्या. “टाच पहिली टेकते का. बाकीचं त्याच्यानंतर.”

तेव्हापासून राजाबाई रस्त्यावर सगळ्यांच्या टाचा बघायला लागली.

संध्याकाळी धुळाजीचा फोन यायचा. तो फोनवर मोठ्यानं बोलायचा, जणू कोकण ते भूगाव एवढ्या अंतरावर हाक मारतोय. पोरीचं विचारायचा.

“मेंढराकडं धर की जरा,” राजाबाई म्हणायची.

धुळाजी फोन मेंढ्यांकडं धरायचा. ती कोकरं सोडायची वेळ असायची. दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं सुटली की आया कोकरांना हाका मारतात, कोकरं आयांना. शेकडो गळे एकदम. त्या गलक्यातून प्रत्येकीला आपलं सापडतंच. राजाबाई फोन कानाशी दाबून ऐकत राहायची. मग पलीकडून धुळाजी म्हणायचा, “झालं?” आणि ती म्हणायची, “झालं.”

माघ उजाडला तोवर टाचेमागची शीर सोडवून झाली होती. शेवटचं प्लॅस्टर निघालं आणि आतून दोन बारीक, पांढरट, सरळ पाय बाहेर आले. राजाबाई बघतच राहिली. हे पाय तिच्या ओळखीचे नव्हते. दांडीचे बूट चढले आणि करिष्मानं आकांत मांडला. मग त्याचीही सवय झाली. जेव्हा दिवसा बूट काढायची परवानगी मिळाली, तेव्हा मॅडमनी तिचे तळवे ओल्या फडक्यानं पुसले आणि तिला फरशीवर चालवलं. मागं पाण्याची पावलं उमटली. टाच, कड, चवडा, बोटं. अख्खं पाऊल. वाळेपर्यंत राजाबाई त्याच्याकडं बघत बसली.

“पण रात्रीचे बूट, आजी,” मॅडम म्हणाल्या. “रोज. एक दिवस चुकवायचा नाही.”

“न्हाई चुकवनार.”

*

शिमग्याला ती पोरीला घेऊन कोकणात गेली. चार दिवसांसाठी. निजामपूरच्या अलीकडं एका शेतात वाडा उतरला होता. एसटी ताम्हिणीच्या वळणांना लागली तेव्हा राजाबाई खिडकीत सरकून बसली आणि प्रत्येक वळणाला ओळख दाखवावी तशी बघत राहिली. इथं पाणी लागतं. इथं वाघराची भीती असते. इथं सिद्धनाथला पहिला दात आला.

धुळाजी रस्त्यावर उभा होता. तिनं करिष्माला खाली ठेवलं. पोर त्याच्याकडं चालत गेली, टाचा टेकवत, आणि त्याच्या धोतराला धरून उभी राहिली. तो खाली बसला, तिचं एक पाऊल त्यानं तळहातावर घेतलं आणि ते वजन करावं तसं वरखाली केलं.

दिवेलागणीला राजाबाईनं पिशवीतून दांडीचे बूट काढले. धुळाजीचा चेहरा बदलला.

“ह्ये काय?”

“बूट. निजताना घालायचं.”

“खोडा हाय ह्यो. मेंढराला बी आसा खोडा घालत न्हाईत, राजा. सरळ झालं न्हवं पाय? डोळ्यानं बगतोय की मी. काड त्ये.”

सिद्धनाथ म्हणाला, “आबा, डाक्टर म्हनत्यात तर—”

“डाक्टर काय ताम्हिनी चडलाय कंदी?”

राजाबाईनं बूट हातात धरले होते. करिष्मा आजोबांच्या घोंगड्यात शिरली होती आणि मोकळे पाय झाडत होती. बाजूला मेंढ्या बसत होत्या. चुलीचा धूर नेमका तिला हवा तसा तिरपा जात होता. पाय तर सरळ झालेच होते. तिनंही डोळ्यांनी बघितले होते. तिनं बूट पिशवीत परत ठेवले.

चार दिवसांचे किती झाले ते तिनं मोजलं नाही. शिमगा झाला, पाडवा झाला. परतीला कळप घाट चढू लागला तेव्हा राजाबाई घोड्याचा दोर धरून पुढं होती आणि करिष्मा कधी ओझ्यावर, कधी धुळाजीच्या खांद्यावर, कधी कोकरांत. आयुष्यात इतकं सुख तिनं कधी एकदम बघितलं नव्हतं. रोज पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत पुढच्या पाण्यापाशी पोचायचं. मॅडमची आठवण यायची, तेव्हा ती स्वतःला सांगायची, भूगाव आलं की दाखवीन. बघून खूश होतील.

भूगाव आलं. मेंढ्या गेणबाच्या तुकड्यात थांबल्या आणि राजाबाई दवाखान्यात गेली. या वेळी तिनं सांगायच्या आधीच हात सोडला.

करिष्मा निळ्या पट्टीवरून चालली. मॅडमनी बघितलं. काही न बोलता तिला परत पाठवलं, मागून बघितलं. मग जमिनीला गाल टेकवून तिसऱ्यांदा बघितलं. त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून राजाबाई पट्टीपाशी आली.

“बूट कधी काढले?”

राजाबाई करिष्माचा फ्रॉक सारखा करायला लागली.

“आजी?”

“शिमग्याला.”

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या आणि करिष्माचा घोटा दुमडून राजाबाईला दाखवला. “हे बघा. टाच उचलायला लागलीय. पाऊल आत वळतंय. तुम्हाला दिसलं नसेल. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. परत प्लॅस्टरपासून सुरू करू. होईल नीट. पण आता तुम्ही इथून हललात तर मी काही करू शकणार नाही.”

“माजं चुकलं,” राजाबाई म्हणाली. “तिला कशापायी सजा?”

गेणबाच्या तुकड्यात सगळं बांधून तयार होतं. घोडे उभे होते. धुळाजीनं तिला येताना बघितलं आणि तिच्या चालीवरूनच त्याला कळलं.

“तुमी व्हा फुडं,” ती म्हणाली.

“कितीक दिस?”

“चार वर्साची हुईस्तवर.”

धुळाजीनं करिष्माचं पाऊल पुन्हा तळहातावर घेतलं. मग म्हणाला, “मीच काडाय लावलं.” राजाबाई म्हणाली, “काडलं मी.” याच्यावर ते दोघं पुढं कधीच बोलले नाहीत.

*

पाऊस आला आणि गेला. पुन्हा प्लॅस्टर, पुन्हा बूट. आता राजाबाई बूट चढवताना पट्टे दोनदा तपासायची आणि पोर कितीही रडली तरी सोडायची नाही. दिवाळी झाली, कळप भूगाववरून कोकणात गेला, आणि ती दारात उभी राहिली.

संध्याकाळचे फोन चालूच होते. पौषातल्या एका संध्याकाळी ती म्हणाली, “मेंढराकडं धर.”

धुळाजी म्हणाला, “निजल्यात.”

“आत्ता?”

“दमल्यात. लांबनं आलोय.”

दुसऱ्या दिवशीही निजल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं मेंढ्यांचं विचारलं नाही. नुसता फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडं एक मोटारसायकल गेली. कुठंतरी कुणाचा टीव्ही चालू होता. कोकरं सोडायच्या वेळेला मेंढरं निजत नसतात. जगात कुठंच नाही.

“कुनाला दिली?” तिनं विचारलं.

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

“भैरूला,” धुळाजी म्हणाला. भैरू म्हणजे त्याचा चुलतभाऊ. “परका न्हाई. सिदूचं मन नव्हतं, त्यो मारुंजीला टेम्पोवं लागला. मी येकटा. रातीला कोल्हं आलं तर कुटल्या कुटल्या अंगाला पळू? आन चूल बी…” तो थांबला. “चूल मला लावता येईना, राजा. धूर तोंडावच यायचा.”

“मंग आता कुटं हायेस?”

“मुळशीला. घरात.”

“तितं येकटा काय करतूस?” राजाबाई म्हणाली. “ये हिकडं.”

तो आला. एक घोंगडी, एक पिशवी. खोलीत कुठं बसावं त्याला कळेना. शेवटी तो उंबऱ्यावर बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर. राजाबाईनं त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि गोठ्यात गेली. म्हशीच्या पाठीला टेकून तिनं पदर तोंडात कोंबला. तिनं पोरीचे पाय नीट करायला घेतले होते ते मेंढ्यांमागं चालता यावं म्हणून. आता पाय नीट होत होते. मागं चालायला मेंढ्या नव्हत्या.

बाहेर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. धुळाजी उंबऱ्यावरून उठून आत बसला होता. करिष्मा त्याच्यासमोर आडवी होती आणि तो तिच्या पायात दांडीचे बूट चढवत होता. त्याला जमत नव्हतं. पट्टा कुठून ओवायचा ते करिष्माच त्याला सांगत होती.

“टाच खाली लावायची, आबा. टाच न्हाई लागली.”

“लागली का आता?”

“लागली.”

“मंग आवळू का?”

“आवळ.”

पुढं बूट चढवायचं काम त्याचंच झालं. गेणबानं रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत त्याची ओळख काढली. धुळाजी तिथं दिवसभर नळी धरून कुंड्यांना पाणी घालायचा आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांत रोपं ठेवायचा. त्याची तक्रार कधी ऐकू आली नाही. फक्त ढग आले की तो मान वर करून वाऱ्याची दिशा बघायचा, आणि नंतर ती बघून काही करायचं नाही हे आठवल्यासारखी मान खाली घालायचा.

*

करिष्माला चार वर्षं पावसाळ्याआधीच पुरी झाली होती, पण मॅडमनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. दिवाळी झाल्यावर राजाबाई तिला घेऊन गेली.

आता निळ्या पट्टीवर करिष्माला कुणी बोलवावं लागत नव्हतं. ती चालली, पळाली, पायरी चढली, उतरली. उकिडवी बसली, तेव्हा टाचा जमिनीलाच राहिल्या. एका पायावर उभी राहून तिनं मॅडमना विचारलं, “दुसऱ्यावं बी करू?”

“कर.”

मॅडमनी शेवटचं बघितलं ते जमिनीला गाल टेकवूनच. मग त्या तिथंच मांडी घालून बसल्या.

“बूट बंद, आजी. आता वर्षातून एकदा नुसत्या दाखवायला या.”

राजाबाईनं करिष्माला जवळ घेतलं. ती म्हणाली, “आता कितीबी चालंल ही?”

“हवं तेवढं.”

“डोंगर?”

“डोंगरसुद्धा चढेल. का हो?”

“न्हाई, आसंच,” राजाबाई म्हणाली. तिनं मॅडमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, डोळ्यांना लावले आणि निघाली.

बाहेर रस्ता गाड्यांनी भरला होता, आणि गाड्या सरकत नव्हत्या. हॉर्न वाजत होते. मग हॉर्नच्या खालून तिला तो आवाज आला. तिनं करिष्माचा हात घट्ट धरला.

चांदणी चौकाच्या अंगानं कळप येत होता. पुढं घोडे, घोड्यांवर संसार, आणि पहिल्या घोड्याचा दोर धरून भैरूची बायको. मागं रस्त्याची एक बाजू भरून मेंढ्या, माना खाली घालून, एकीच्या पाठीवर दुसरीचं तोंड.

“राजाक्का!” भैरूच्या बायकोनं चालता चालताच हाक मारली. “पोर चालाय लागली गं! चल की, पौडापतोर तरी चल. बोलत जाऊ.”

“हितवरच येते,” राजाबाई म्हणाली.

ती तिच्या बाजूनं चालायला लागली. करिष्मा हात सोडून कोकरांच्या कडेनं चालली होती, अनवाणी, टाच टेकवत. तिला चालताना राजाबाईनं किती वेळा बघितलं होतं. पण ते निळ्या पट्टीवर. मेंढ्यांच्या पायांशेजारी तिचे पाय पडताना आज पहिल्यांदा दिसत होते. ते कळपाच्या तालात पडत होते.

तेवढ्यात तिला मोरी मेंढी दिसली. तोंडावर अर्धा काळा पट्टा असलेली. तिची आई घाटात मेली होती, आणि राजाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून, रात्री पोटाशी घेऊन वाढवलं होतं. आता तिच्यामागं तिचं कोकरू होतं. ती हातभर अंतरावरून चालली होती आणि तिचं राजाबाईकडं लक्ष नव्हतं.

जिभेच्या टोकाशी हाक आली. नुसती जीभ टाळूला लावून काढायचा आवाज. मोरी तो कुठंही ओळखेल. ओळखेल आणि वळेल. एक वळली की मागच्या वळतात, त्यांच्या मागच्या वळतात, आणि बाजूनं गाड्या होत्या. भैरूला मेंढ्या आवरायला किती पळावं लागलं असतं.

राजाबाईनं ओठ मिटून घेतले. मोरी पुढं गेली. कोकरू तिच्यामागून गेलं.

“आजी, ही आपली हायेत?” करिष्मानं विचारलं.

“भैरूआबाची हायेत.”

“आपन जायाचं त्यांच्यासंगं?”

“न्हाई बाळा. आपन आबाकडं जायाचं.”

कळप संपला. शेवटी काठी आडवी धरून भैरू होता. त्यानं राजाबाईकडं बघून मान हलवली आणि नजर मेंढ्यांवर ठेवली, जशी ठेवायला हवी. मागं अडकलेल्या गाड्या सुटल्या.

रोपवाटिका रस्त्याच्या पलीकडं होती. धुळाजी कुंड्यांच्या रांगेत उभा होता. तो ज्या दिशेनं कळप गेला तिकडं बघत होता. त्याच्या हातातली नळी एकाच कुंडीत चालू होती. कुंडी केव्हाच भरली होती, माती वाहून गेली होती, आणि पाणी त्याच्या पायांवरून रस्त्याकडं चाललं होतं.

करिष्मा पळत त्याच्याकडं गेली. राजाबाईनं जाऊन नळ बंद केला.